प्लॉटर बदलताना

आमच्या बोटीवरचा चार्टप्लॉटर, म्हणजे पाण्याचा नकाशा आणि त्यावर आपली जागा दाखवणारा पडदा, एका दिवसात बंद पडला नाही. आधी पडद्याच्या उजव्या कडेला तपकिरी डाग आला. तो हळूहळू आत सरकला आणि दर उन्हाळ्यात नकाशाचा थोडा थोडा पूर्व किनारा गिळत गेला. मग झूम कमी करायचं बटण रुसलं. अंगठ्याने जोर लावला तर चालायचं, नाहीतर नाही. नकाशाचं जे कार्ड त्यात बसायचं, ते बाजारातून कधीच गेलं होतं. एवढं होऊनही बोट कुठे आहे हे तो शेवटपर्यंत बिनचूक सांगायचा, म्हणून त्याला काढायला हात धजत नव्हता. या वर्षी बोट पाण्यात उतरवायच्या आधी मात्र ठरवूनच टाकलं.

बोट तीस फुटी, शिडाची, ऐंशीच्या दशकात बांधलेली. ती असते मेरिलँडमध्ये, ॲनापोलिसच्या दक्षिणेला एका खाडीत, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावर. पुण्याचे नातेवाईक विचारतात, "प्लॉटर म्हणजे गाडीतल्या गूगल मॅप्ससारखंच ना?" मी हो म्हणतो, फोनवर तेवढंच सांगता येतं. पण गाडीखालचा रस्ता डोळ्यांना दिसतो. पाण्याकडे वरून बघून काही कळत नाही. चेसापीक जवळजवळ २०० मैल लांब, आणि सरासरी खोली म्हणाल तर २१ फूट. आमची कील, म्हणजे बोटीच्या बुडाखालचा जड पंखा, पाण्यात पाच फुटांच्या आसपास खाली जाते. काठापासून चांगलं लांब आलो म्हणून निर्धास्त व्हावं, तर समोर बगळा आरामात पाण्यात उभा असतो.

मुंबईकराला इथली भरती-ओहोटी म्हणजे चेष्टाच वाटेल. मुंबई बंदरात उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. ॲनापोलिसला जेमतेम फूटभर. पण इथलं पाणी चंद्रापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकतं. हिवाळ्याच्या तोंडाशी वायव्येचा वारा धरून बसला की उपसागराच्या वरच्या अंगाचं पाणी दक्षिणेकडे ढकललं जातं, आणि नकाशात लिहिलेल्या खोलीपेक्षा एक-दोन फूट कमी पाणी उरतं. धक्क्याला बांधलेल्या बोटी चिखलात टेकतात. प्लॉटरच्या पडद्यावर मात्र तेव्हाही निळा-पांढरा रंग तसाच असतो, आकडे तसेच असतात.

खरेदीच्या बाबतीत मी आधी सगळे करतात तेच केलं: तक्ता. कोणत्या कंपनीचा पडदा किती इंची, प्रोसेसर कोणता, किंमत किती. मग तो तक्ता आमच्या कॅप्टनसाहेबांना दाखवला. हे मूळचे रत्नागिरीचे, आयुष्यभर मालवाहू जहाजांवर, आता मुलीकडे इथे राहायला आलेले. आमच्या बोटीवर येतात तेव्हा सुकाणूला हात लावत नाहीत, नुसते बघतात, आणि ते बघणं फार जड जातं. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, यात नकाशाची तारीख कुठे आहे?"

ते सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचे एक अधिकारी, होते तेव्हा जहाजावर कागदी नकाशे असत, आणि ते अद्ययावत ठेवणं हे सेकंड मेटचं काम. नाविकांसाठीच्या सूचना दर आठवड्याला निघतात. कुठे नवा बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, टाकला, कुठे दिवा बंद झाला, कुठे जहाज बुडून पडलंय. प्रत्येक सूचना बारीक निबेच्या पेनाने, जांभळट शाईने नकाशावर उतरवायची आणि खालच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक टाकायचा. मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रॉनिक नकाशांची सक्ती २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने आली, तोवर त्यांनी असे किती कोपरे भरले असतील कुणास ठाऊक. त्यांच्या लेखी प्लॉटर म्हणजे नकाशा दाखवायची खिडकी. खिडकी केवढी, यापेक्षा पलीकडे काय आहे हे त्यांना आधी हवं असतं.

चेसापीकमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. इथली जमीनच एका जागी राहत नाही. चॉपटँक नदीच्या तोंडाशी शार्प्स नावाचं बेट होतं. त्यावर शेती होती, पुढे हॉटेलही झालं. ते झिजत गेलं आणि १९६०च्या दशकापर्यंत पूर्ण पाण्याखाली गेलं. त्याच्या नावाचा दीपस्तंभ तेवढा उरलाय, आणि १९७७च्या बर्फाने तोही वाकवून ठेवलाय. जवळून गेलं की आपलीच बोट कलली की काय असं वाटतं. तिथून उत्तरेला पॉप्लर बेट. एकोणिसाव्या शतकात हजार एकरांहून मोठं, १९९०च्या दशकात पाच-एक एकरांचे तुकडे उरलेले. १९९८पासून बाल्टिमोरकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेतला गाळ काढून तिथे ओततात आणि बेट पुन्हा उभं करतात. म्हणजे एक बेट नकाशावरून पुसायचं आणि दुसरं परत काढायचं. आमच्या जुन्या कार्डातलं पॉप्लर आणि डोळ्यांसमोरचं पॉप्लर यांची गाठ कधी पडलीच नाही.

आणि मग पूल. २६ मार्च २०२४च्या पहाटे 'डाली' हे मालवाहू जहाज बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल काही सेकंदांत खाली आला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे एकवीसपैकी वीस खलाशी भारतीय, एक श्रीलंकेचा. ते पुढे कितीतरी आठवडे जहाजावरच अडकून होते. इथल्या मराठी घरांत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. ज्याच्या त्याच्या नात्यात कोणीतरी जहाजावर असतंच. कॅप्टनसाहेब तेव्हा बातम्या बंद करून खोलीत जाऊन बसायचे. आमच्या जुन्या प्लॉटरमध्ये तो पूल अजूनही उभा होता, खालून किती उंचीचं जहाज जाऊ शकतं त्या आकड्यासकट. कार्ड बदलायची सोयच नव्हती, त्यामुळे प्लॉटर चालू राहिला असता तर पूलही राहिला असता.

तेव्हा तक्त्यात पहिला रकाना बदलला: नकाशा कोणाचा, आणि तो ताजा कसा करायचा. इथे एक गंमत आहे. अमेरिकेच्या पाण्याचे मूळ नकाशे सरकारचे, 'नोआ' या समुद्र-हवामान खात्याचे, आणि ते फुकट असतात. खात्याने पारंपरिक छापील नकाशे २०१९पासून हळूहळू बंद करायला घेतले आणि २०२५च्या सुरुवातीपर्यंत ते काम संपवलं. आता मूळ प्रत इलेक्ट्रॉनिक, कागद हवा तर त्यातूनच आपल्याला हव्या त्या चौकटीचा नकाशा काढून घ्यायचा. प्लॉटरवाल्या कंपन्या हीच माहिती घेतात, रंग देतात, लोकांच्या बोटींनी नोंदवलेली खोली त्यात मिसळतात, मरीना आणि डिझेलचे पंप टाकतात आणि विकतात. यात गैर काही नाही, त्या मेहनतीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. पण रंग कितीही देखणा असला तरी खालचा आकडा कधी मोजलाय हे बघावं लागतं. नोआच्या नकाशांवरचे खोलीचे कितीतरी आकडे १९४०च्या आधीच्या मोजणीतले आहेत, म्हणजे बऱ्याच ठिकाणी शिशाचं वजन दोरीला बांधून पाण्यात सोडलेलं. अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशात प्रत्येक भागाला विश्वासार्हतेचा दर्जा दिलेला असतो. छोट्या बोटींच्या प्लॉटरमध्ये तो सापडेपर्यंत मेनूच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि काहींत तो मला मिळालाच नाही.

आणखी एक गोष्ट पडदा लपवतो. झूम कमी केला की नकाशा गजबजू नये म्हणून बारीकसारीक तपशील आपोआप गळतात. छापील नकाशावर माणसाने बसून ठरवलेलं असतं की काय ठेवायचं. इथे ते सॉफ्टवेअर ठरवतं. २९ नोव्हेंबर २०१४ला व्होल्वो ओशन रेसमधली 'वेस्टास विंड' ही शर्यतीची बोट केप टाउनहून अबू धाबीला जाताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळखडकांवर रात्री भरधाव चढली. माणसं वाचली, हे नशीब. चौकशीत जे बाहेर आलं त्यात हाच मुद्दा होता: ज्या झूमवर वाट आखली गेली, त्या झूमवर तो खडक खडक म्हणून दिसतच नव्हता. जगातले नाणावलेले दर्यावर्दी, सगळ्यात चांगली उपकरणं, आणि कित्येक मैल पसरलेला खडक. तेव्हापासून दुकानात कुठलाही प्लॉटर हातात घेतला की मी आधी ॲनापोलिसजवळच्या थॉमस पॉइंटच्या १८७५च्या दीपस्तंभाभोवतीचा उथळ भाग शोधतो आणि झूम कमी कमी करत जातो. तो भाग कितव्या टप्प्याला गायब होतो ते बघायचं. शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटतं याला यंत्र वापरता येत नाही.

कंपन्यांबद्दल थोडं सांगून टाकतो, कारण बोटवाले याच्यावर भांडणं करतात. गार्मिन १९८९ साली कॅन्ससमध्ये सुरू झाली, जिथून कुठलाच समुद्र जवळ नाही. २०१७ला तिने इटलीची नॅव्हिऑनिक्स ही नकाशेवाली कंपनी घेतली. बी अँड जी हे शिडाच्या बोटवाल्यांचं लाडकं नाव, ते आता ब्रन्सविककडे, जे मोटरबोटी आणि मर्क्युरी इंजिनं बनवतात. रेमरीन २०१०ला फ्लिरने घेतली आणि २०२१ला फ्लिरलाच टेलिडाइनने. तेव्हा "ही खरी खलाशांची कंपनी" असं कोणी छातीठोक सांगायला लागलं की मी विषय बदलतो. व्यवहारात बघायचं ते हे, की कोणत्या डब्यात कोणाचे नकाशे चालतात. कारण डबा एकदाच घेतो, नकाशाचं नूतनीकरण पुढे वर्षानुवर्षं चालतं.

"टॅबलेट वापर की!" हे सांगणारे दर आठवड्याला भेटतात. बरोबरच आहे त्यांचं. टॅबलेटवरचं ॲप स्वस्त, नकाशे ताजे, पडदा सुंदर. आमच्याकडेही आहे, आणि आदल्या रात्री केबिनमध्ये बसून वाट आखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याच्या माहितीपत्रकातच साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि जुलैच्या दुपारी वारा पडलेला असताना उघड्या कॉकपिटमध्ये ३५ अंश म्हणजे सावली. काळ्या चौकटीचा टॅबलेट उन्हात ठेवला की थोड्या वेळाने तो तापमानाची सूचना दाखवून झोपी जातो. नेमका तेव्हा, जेव्हा खाडीच्या तोंडाशी खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे चुकवत आपण हिरवा बोया शोधत असतो. कॅप्टनसाहेबांनी टॅबलेटबद्दल काही म्हटलं नाही. नुसती भुवई वर केली.

ऑक्टोबरात ॲनापोलिसला शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे गेलो तो पोलराइज्ड गॉगल आणि पाण्याची बाटली घेऊन. तंबूच्या सावलीत प्रत्येक पडदा झकास दिसतो, त्यामुळे जे मॉडेल बाहेर उन्हात लावलेलं असेल तिथे जायचं, गॉगल घालायचा आणि मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलती करायची. काही पडदे विशिष्ट कोनात पार काळे पडतात. शिडाची बोट वाऱ्याने कलते तेव्हा सुकाणूवरचा माणूस सरळ मानेने बसलेला नसतो, म्हणून हे बघायलाच हवं. मग विक्रेत्याची परवानगी घेऊन पडद्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायचं. नुसत्या स्पर्शावर चालणाऱ्या एका पडद्यावर थेंब ओघळला आणि नकाशा त्या थेंबाबरोबर डेलावेअरकडे निघून गेला. बोट ओलं, पडदा ओला, थंडीत हातमोजे. अशा वेळी गोल फिरणारी एक खुंटी आणि चार बटणं असतील तर जीव वाचतो. विक्रेता म्हणाला, बटणांचं मॉडेल महाग पडेल. पडलंच.

शिडाच्या बोटीसाठी म्हणून जे खास देतात, त्यातलं एकच मला मनापासून आवडलं: वाऱ्याची दिशा आणि प्रवाह हिशेबात घेऊन, आता बोट वळवली तर पुढचा बोया गाठता येईल का, हे दाखवणाऱ्या दोन रेषा. बाकी त्रिमिती समुद्रतळ, माशांचे थवे, गाणी वाजवायची सोय, हे सगळं मासेमारीच्या मोटरबोटींचं लेणं. पण वारा दाखवायचा तर डोलकाठीच्या टोकावरच्या वातमापकाची माहिती प्लॉटरपर्यंत पोचली पाहिजे. आणि इथे आपण तारांपाशी येतो.

माझं मत विचाराल तर प्लॉटरची खरेदी दुकानात होत नाही, ती सुकाणूच्या खांबामागे डोकं घालून होते. मार्चमधल्या एका शनिवारी मी तिथे टॉर्च घेऊन आडवा झालो. आत तपकिरी, निळ्या, पिवळ्या तारांचा गुंता, अर्ध्यांवर खाऱ्या हवेची हिरवी बुरशी. आधीच्या मालकाने एका जोडावर मास्किंग टेप गुंडाळून पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: 'बहुतेक जीपीएस'. त्या 'बहुतेक'ने माझी दुपार खाल्ली.

जुन्या बोटींवरची उपकरणं ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिला एनएमईए ०१८३ म्हणतात, १९८३ची. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, दोन तारांवरून, सेकंदाला ४८०० बिट्सच्या संथ लयीत. जे बोललं जातं त्याला अधिकृत भाषेतही वाक्यच म्हणतात. लॅपटॉपला जोडलं तर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक सरकताना दिसतात आणि त्यात आपले अक्षांश-रेखांश चक्क वाचता येतात. नवी पद्धत एनएमईए २०००: एकच मुख्य तार, म्हणजे कणा, त्याला सगळी उपकरणं टी-जोडांनी लावायची, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. वीज बंद करून मीटर लावला आणि ६० ओहम दिसले की कणा धड आहे. सोपं आणि स्वच्छ काम. अडचण अशी की छोट्या आकाराच्या अनेक नव्या प्लॉटरना फक्त नवी पद्धत कळते, आणि आमचा वातमापक, खोलीमापक, स्वयंचलित सुकाणू हे सगळे जुन्या पिढीचे.

तारा एकेक करून शोधता शोधता लक्षात आलं की जुना प्लॉटर नकाशा दाखवण्यापलीकडे एक काम निमूटपणे करत होता. त्याची एक तार व्हीएचएफ रेडिओकडे जात होती. रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. संकटात ते दाबून धरलं की आसपासच्या जहाजांना आणि कोस्टगार्डला बोटीचा क्रमांक आणि ठिकाण आपोआप जातं. पण आमच्या रेडिओला स्वतःचा जीपीएस नाही. ठिकाण त्याला प्लॉटर पुरवत होता, त्या डागाळलेल्या पडद्यामागून, दर सेकंदाला. प्लॉटर काढून नवा चकचकीत डबा नव्या पद्धतीने लावला असता तर नकाशा झकास दिसला असता आणि लाल बटण आंधळं झालं असतं. रेडिओच्या पडद्यावर ठिकाणाऐवजी रेघा आल्या असत्या, आणि त्या छोट्या पडद्याकडे कोण बघतं?

यानंतर निवड फारशी उरलीच नाही. मॉडेल हवं ते ज्याला जुनी आणि नवी दोन्ही भाषा येतात, ज्याला खुंटी आहे, आणि ज्याचे नकाशे मी घरच्या वायफायवर ताजे करू शकतो. बारा इंचीचा मोह झाला होता. पण मोठा पडदा वीजही तशीच खातो, आणि शीड लावून इंजिन बंद करायचं सुख बॅटरीच्या चिंतेत घालवायचं नव्हतं. शिवाय पडदा जितका मोठा तितका माणूस त्यातच बघत बसतो. आमची मुलगी सुकाणूवर असते तेव्हा मी हे रोज बघतो. समोर शंभर फुटांवर बोया असतो आणि तिचे डोळे पडद्यावरच्या बोयावर. नऊ इंची घेतला. गेल्या वर्षीचं मॉडेल, म्हणून हजार डॉलरच्या थोडं पुढे भागलं. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, तुमच्या खांबामागे वेगळा गुंता असेल.

जुन्याची चौकोनी खाच नव्यापेक्षा मोठी निघाली. ती झाकायला पांढऱ्या मरीन प्लॅस्टिकची पट्टी कापली, कडा घासल्या, स्क्रूच्या भोकांत सीलंट भरलं. वातमापकाची तार मिळाली, ती जोडली. खोलीमापक जुनाच ठेवला, कारण त्याचं टोक बोटीच्या बुडातून आरपार गेलंय आणि त्याला हात लावणं हे वेगळं प्रकरण आहे. बॅटरीचा स्विच दिला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह, मग ताकीद की हे उपकरण केवळ साहाय्यक आहे, ती मान्य करायची, मग नकाशा. आम्ही दोघांनी आधी रेडिओकडे पाहिलं. अक्षांश, रेखांश, वेळ. सगळं होतं.

मग कॅप्टनसाहेबांनी खुंटी फिरवली, बाल्टिमोरकडे गेले, पूल नाही याची खात्री केली. पॉप्लरवर आले. नव्या बांधांच्या कडा बऱ्यापैकी जुळत होत्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. नोआच्या साइटवरून आमच्या खाडीचा नकाशा त्यांनी जावयाकरवी मोठ्या आकारात छापून घेतला होता, कोपऱ्यात तारखेसकट. तो चार्ट टेबलाच्या झाकणाखाली सारला.

"आता रडारचं बघ," ते म्हणाले.

मी त्यांना बिल दाखवलं.